अंधेरीचे पाणी आणि तरुणांचा अधिकार

जुलै महिन्यात अंधेरीतल्या कोणत्याही कॉलेजच्या मुलाला विचारा, तलाव किती भरले? तो टक्केवारी सांगेल. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सातही तलावांची मिळून साठवणक्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे, आणि तिच्या तुलनेत आजचा साठा किती हे वर्तमानपत्रे पावसाळाभर रोज छापतात. आता त्यालाच दुसरा प्रश्न विचारा: तुझ्या इमारतीच्या टाकीत काल किती लिटर पाणी आले आणि त्यातले किती घराघरांत पोहोचले? इथे तो गप्प होतो. भातसा धरणाची पातळी त्याला ठाऊक आहे, अंगणातल्या टाकीची नाही. यात त्याचा दोष नाही. ती टाकी मोजायला त्याला कधी कोणी सांगितलेले नाही, आणि तो आपणहून झाकण उघडायला गेला तर वॉचमन त्याला हटकेल.

तरुणांना जलसंवर्धनाकडे कसे वळवायचे यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. बहुतेक बोलणे प्रबोधनापाशी थांबते. मुलांना पाण्याचे महत्त्व पटले की ती पाणी वाचवतील, असे त्यामागचे गृहीतक आहे. ते मला अपुरे वाटते. अंधेरीसारख्या उपनगरात पाण्याचा प्रश्न मुख्यतः वाटपाचा, गळतीचा, दाबाचा आणि निचऱ्याचा आहे. या गोष्टी एकेकट्या माणसाच्या बादलीत ठरत नाहीत. त्या टाकीत, व्हॉल्व्हवर, वॉर्ड ऑफिसात आणि नाल्यात ठरतात. म्हणून तरुणांना खरोखर सहभागी करून घ्यायचे असेल, तर त्यांना मोजायचे साधन हवे, आकडे पाहण्याचा हक्क हवा आणि त्या आकड्यांवर उत्तर मागण्याची जागा हवी. साधन स्वस्त आहे. हक्क आणि जागा मात्र मोठ्यांनी द्याव्या लागतील.

अंधेरीपर्यंतचा प्रवास

अंधेरीचे पाणी अंधेरीचे नाही. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन तलाव उपनगरातच आहेत, पण आजच्या पुरवठ्यात त्यांचा वाटा अगदी थोडा. खरा भार तानसा (१८९२), मोडकसागर, अपर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या मध्य वैतरणा या धरणांवर आहे. ही धरणे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत. तिथून पाणी बहुतांशी उताराने, मोठ्या जलवाहिन्यांतून आणि बोगद्यांतून भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांत येते आणि मग शहरभरच्या सेवा जलाशयांत जाते. अंधेरी पूर्वेला वेरावली टेकडीवर असाच एक जलाशय आहे. शहराला रोज मिळणारे पाणी ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास असते.

जलाशयातून पुढे मात्र पाणी सगळ्यांना एकदम मिळत नाही. शहराचे शंभराहून अधिक विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येकाची पाण्याची वेळ ठरलेली आहे, कुठे दोन तास, कुठे चार. ही वेळ पाळतो तो चावीवाला. लांब दांड्याची लोखंडी चावी रस्त्यातल्या चौकोनी झाकणाखाली घालून तो व्हॉल्व्हचे आटे फिरवतो. किती आटे उघडायचे हे त्याला हाताच्या सवयीने माहीत असते. दोन आटे कमी फिरले तर टेकाडावरच्या वस्तीत नळाला नुसती हवा येते. तलावांच्या टक्केवारीत हा तपशील कुठेही दिसत नाही, पण सामान्य माणसाचा दिवस यावर ठरतो.

हे सगळे किती नाजूक आहे याचा अनुभव अंधेरीकरांनी ३० नोव्हेंबर २०२३ रोजी घेतला. सीप्झजवळ मेट्रो ६ च्या कामात ड्रिलिंग चालू असताना वेरावली जलाशयाकडे जाणारी १,८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. दुरुस्तीला दोन दिवसांहून अधिक वेळ लागला, आणि अंधेरी-जोगेश्वरीपासून पुढच्या अनेक भागांत नळ कोरडे पडले. तलावांत तेव्हा पाणी होते. नव्हते ते फक्त नळात.

यावरून एक गोष्ट उघड होते. दात घासताना नळ बंद ठेवणे चांगलेच, पण गळती, चोरी आणि मोजणीतल्या चुका मिळून शहराचे एक चतुर्थांशाहून अधिक पाणी हिशेबाबाहेर जाते. तिथे घरातल्या काटकसरीचे शिक्षण एकट्याने पुरे पडत नाही. तरुण मुले हुशार असतात. ज्या रस्त्यावर फुटलेल्या जलवाहिनीतून दिवसभर पाणी वाहताना त्यांनी पाहिले, त्याच रस्त्यावरच्या शाळेत त्यांच्याकडून 'पाणी वाचवा'ची चित्रे काढून घेतली, तर त्यांचा विश्वास उडतो, आणि तो उडणे रास्त आहे.

सहभाग कशाला म्हणायचे

मुलांच्या सहभागाचा अभ्यास करणाऱ्या रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. शेरी अर्न्स्टाइन यांच्या १९६९ च्या नागरिक-सहभागाच्या शिडीवरून त्यांना ती सुचली होती. हार्ट यांच्या मते खालच्या तीन पायऱ्या म्हणजे सहभागच नव्हे: मुलांना वापरून घेणे, त्यांना शोभेला उभे करणे आणि नावापुरते त्यांचे मत विचारणे. वर जाऊ तसे मुलांना कामाची माहिती मिळते, त्यांचा सल्ला घेतला जातो, निर्णयात वाटा मिळतो आणि शेवटी मुले स्वतः काम उभे करून मोठ्यांना त्यात सामील करून घेतात.

२२ मार्चच्या जागतिक जलदिनाचे आपल्याकडचे बहुसंख्य कार्यक्रम या कसोटीवर दुसऱ्या पायरीवर बसतात. रॅली, घोषणा, निबंधस्पर्धा, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस. मुले तिथे असतात ती सजावट म्हणून. संध्याकाळी बॅनर उतरतो आणि कुठल्याही टाकीची, नळाची किंवा नाल्याची स्थिती तसूभरही बदललेली नसते.

राज्यात नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषय आला, ही मला मोलाची गोष्ट वाटते. बालभारतीच्या त्या पुस्तकांमुळे पाणलोट, भूजल, पाण्याचा ताळेबंद हे शब्द शहरी मुलांच्या कानावर पडले. पण तो श्रेणीचा विषय आहे, आणि श्रेणीच्या विषयाचे तास गणित-विज्ञानाच्या जादा तासांना दिले जातात, हे पालकांना ठाऊक आहे. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे. २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षे काम करायचे असते, शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर. वर्षाला १२० तास म्हणजे महिन्याला दहा. दर आठवड्याला एक नोंद घ्यायला, महिन्याला एक तक्ता करायला आणि वॉर्ड ऑफिसात एक खेप घालायला एवढा वेळ भरपूर झाला. अडचण तासांची नाही. तास भरले की नाहीत हे तपासले जाते, त्या तासांतून काय निघाले हे तपासले जात नाही.

गावांनी काय शिकवले

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या बाबतीत खूप काही घडले आहे, आणि शहरातल्या मुलांनी त्यातून नेमके काय घ्यायचे याचा विचार व्हायला हवा. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोहोचली. गावातले तरुण पहाटे टिकाव-फावडे घेऊन शिवारात जात होते. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला मुंबई-पुण्याहून हजारो 'जलमित्र' गेले. ही हवा निर्माण झाली त्यामागे भावना होती, पण रचनाही होती. गावातल्या निवडक लोकांना आधी निवासी प्रशिक्षण मिळत होते. स्पर्धेला सुरुवात आणि शेवट होता. समतल चर किती मीटर खोदला, किती घनमीटर काम झाले, हे मोजून गुण मिळत होते. आपण केलेले काम आकड्यात दिसते, हे कळल्यावर वीस वर्षांच्या मुलाला वेगळी प्रेरणा द्यावी लागत नाही.

त्याच अनुभवाची दुसरी बाजूही आहे. अडवलेले पाणी पुढच्या वर्षी कोणत्या पिकाला गेले, कोणाच्या बोअरने उपसले, हा प्रश्न चर खोदून सुटत नाही. फाउंडेशननेही २०१९ नंतर श्रमदानाच्या पुढे जाऊन पाण्याचा ताळेबंद आणि पीकपद्धती यांच्याकडे मोर्चा वळवला. हिवरे बाजार या गावाने तर हे फार आधी केले होते. तिथे पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पावसाची नोंद घेऊन गाव आपला ताळेबंद मांडते आणि पाणी कमी असेल तर कोणती पिके घ्यायची नाहीत हे ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पुरंदरमध्ये उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे तर माणशी ठरवला, भूमिहीनालाही दिला आणि उसाला त्यातून वगळले. या गावांचे मोठेपण श्रमदानात आहे तसे नियमांतही आहे. पाणी अडवणे ही सुरुवात, वाटणे हे खरे कठीण काम.

अंधेरीच्या मुलाने शिवारात जाऊन एक दिवस फावडे चालवले, त्याच्या हाताला फोड आले, त्याला गावाचे कष्ट कळले, हे चांगलेच झाले. पण घरी परतल्यावर त्याच्या हाती काय आहे? अंधेरीत चर खोदायला जागा नाही. इथली व्यवस्था वेगळी आहे, म्हणून इथले कामही वेगळे असायला हवे.

वर्सोवा आणि जोगेश्वरी

अंधेरी परिसरातच दोन उदाहरणे आहेत. एक जगभर गाजले, दुसऱ्याची आठवण फार थोड्यांना आहे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोझ शाह या तरुण वकिलाने चौऱ्याऐंशी वर्षांचे शेजारी हरबंश माथुर यांच्यासह वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू रहिवासी, कोळी बांधव, शाळा-कॉलेजची मुले असे शेकडो लोक शनिवार-रविवारी येऊ लागले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' म्हणून गौरव केला. मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले त्या वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. त्या किनाऱ्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये काय झाले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १०९ आठवडे सलग काम केल्यावर शाह यांनी मोहीम थांबवल्याचे जाहीर केले. स्वयंसेवकांना होणारी शिवीगाळ आणि गोळा केलेला कचरा वेळेवर न उचलला जाणे, ही त्याची कारणे होती. पुढे सरकारने लक्ष घातल्यावर काम पुन्हा सुरू झाले. स्वयंसेवकांचे श्रम कितीही असोत, त्यांना जोडून यंत्रणेचा डंपर आला नाही तर ते श्रम वाळूवरच राहतात. शिवाय किनाऱ्यावर येणारा कचरा बराचसा नाल्यांतून आणि खाडीतून येतो. ओशिवरा नदी आरे परिसरातून निघून मालाडच्या खाडीला मिळते. वाटेतल्या प्रत्येक वस्तीचा आणि कारखान्याचा कचरा तिच्यात पडतो. किनारा साफ करणाऱ्या मुलांना नदीच्या वरच्या टोकापर्यंत चालत नेले, प्रत्येक पुलावर थांबून पाण्याचा रंग, वास आणि कचऱ्याचा प्रकार लिहायला लावला, तर हे मूळ कारण त्यांना स्वतः सापडते.

दुसरे उदाहरण जोगेश्वरीचे. २००८ साली तिथल्या 'आकांक्षा सेवा संघ' आणि 'आगाज' या तरुणांच्या दोन गटांनी मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद आणि मुंबईचा 'कॅम्प' हा कलावंतांचा गट यांच्याबरोबर 'एक डझन पानी' नावाने बारा लघुपट केले. विषय होता आपल्याच वस्तीतले पाणी. बाहेरच्या कोणी येऊन वस्तीचे हाल चित्रित करणे आणि वस्तीतल्या मुलांनी स्वतः कॅमेरा घेऊन पाण्याचा माग काढणे, यांत मोठे अंतर आहे. हार्ट यांच्या शिडीवर हे काम फार वर जाऊन बसते. माझ्या मते मुंबईच्या उपनगरांत तरुण आणि पाणी या विषयावर झालेल्या कामांत हे सर्वांत विचार करायला लावणारे आहे, आणि कॉलेजांनी ते आजही दाखवावे.

टाकीपाशी

आता मोजण्याकडे येऊ. इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीची गळती शोधायला इंजिनिअर लागत नाही. रात्री एक वाजता, महापालिकेचे पाणी येत नसताना, आत येणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, पंप बंद ठेवायचा आणि वरून एक लाकडी पट्टी सोडून पाण्याची पातळी टिपायची. पहाटे पाच वाजता पुन्हा टिपायची. टाकी समजा ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे आणि चार तासांत पातळी ३ सेंटिमीटरने उतरली. २४ चौरस मीटर गुणिले ०.०३ मीटर, म्हणजे ०.७२ घनमीटर, म्हणजे ७२० लिटर. दिवसाला ४,३२० लिटर. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचे मानक धरले, तर हे बत्तीस माणसांचे पाणी आहे, आणि ते कोणाच्याही नळाला न येता जमिनीत जाते आहे. बिल मात्र त्याचे भरले जाते.

घरातली गळती शोधणे आणखी सोपे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबायचे. बटण न दाबता भांड्यात रंग उतरला तर आतला रबर गेलेला आहे. ठिबकणाऱ्या नळाखाली मोजपात्र ठेवून तासाभराचे पाणी मोजायचे आणि चोवीसने गुणायचे. टाकीचे झाकण घट्ट बसते का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे, कारण शहरी मलेरिया पसरवणारा ॲनोफेलिस स्टीफेन्सी डास विहिरी आणि उघड्या टाक्यांतच वाढतो. एका इमारतीत हे काम चार मुले एका रविवारात उरकतील. महत्त्वाचे हे की, आकडा हाती आला की सोसायटीच्या बैठकीतला वाद बदलतो. 'पाणी पुरत नाही' या तक्रारीवर तासभर भांडण होऊ शकते. ४,३२० लिटरवर प्लंबरलाच बोलवावे लागते.

पावसाच्या पाण्याचा हिशेबही असाच मांडून बघायला हवा, कारण त्याबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. महापालिकेने १ ऑक्टोबर २००२ पासून १,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले. २००७ मध्ये ही मर्यादा ३०० चौरस मीटरवर आणली आणि पुढे ती पुन्हा बदलली. कागदावर असंख्य इमारतींत योजना आहे. प्रत्यक्षात किती ठिकाणी गच्चीचा पाइप मोकळा आहे आणि खड्ड्यातली वाळू-खडी शेवटची कधी धुतली, हे तरुणांनी जाऊन पाहण्यासारखे आहे.

५०० चौरस मीटर गच्ची आणि ३२ घरांची, १२८ माणसांची इमारत घ्या. पावसाळ्याचा २,२०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला ऐंशी टक्के हाती लागला, तर ८ लाख ८० हजार लिटर पाणी होते. माणशी १३५ लिटरने ते ५१ दिवस पुरेल. वर्षभराची सोय होईल असे सांगणारे चुकतात, आणि एवढ्याशा गच्चीने काय होणार म्हणणारेही चुकतात. शिवाय हे पाणी चार महिन्यांत येते, तेव्हा ते साठवायचे कुठे? जमिनीत सोडावे तर अंधेरीखाली बेसाल्टचा खडक आहे. गिल्बर्ट हिलचे उभे दगडी खांब हा त्याचाच नमुना. अशा खडकात पाणी मुरते ते भेगांतून, सरसकट नाही, आणि समुद्राजवळच्या भागात भूजल खारट होण्याचा धोका असतो. अंधेरी पूर्वेच्या महाकाली, म्हणजे कोंडिविटे लेण्यांत आणि पलीकडे कान्हेरीला भिक्खूंनी याच खडकात पाण्याच्या टाक्या कोरल्या. कान्हेरीच्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. त्यांचा भर साठवणुकीवर होता, आणि या भूगर्भाला तो साजेसा होता.

मग इमारतीने काय करावे? १३५ लिटरमधले ४५ लिटर फ्लशसाठी धरतात. १२८ माणसांना रोज ५,७६० लिटर, पावसाळ्याच्या १२० दिवसांत सुमारे ६ लाख ९१ हजार लिटर. गच्चीवरचे ८ लाख ८० हजार त्याहून जास्त आहे. म्हणजे पावसाळाभर फ्लशसाठी पिण्याचे पाणी वापरायची गरज नाही, फक्त कोरड्या आठवड्यात पुरेल एवढी टाकी हवी. अनेक इमारतींत बोअरच्या पाण्यासाठी फ्लशची वेगळी टाकी आधीच बसवलेली आहे. पाइप जोडायचा तो तिथे. हा हिशेब दहावीच्या गणिताचा आहे. तो मुलांनी आपापल्या इमारतीचे आकडे घालून करावा, कारण उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे येईल.

मोजमाप स्थानिक का असावे याचा पुरावा २६ जुलै २००५ ने दिला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला पंचाहत्तरही नाही. एकाच शहराची दोन केंद्रे. त्यानंतर महापालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. दर पावसाळ्यात अंधेरी सबवे मोगरा नाल्याच्या पाण्याने तुंबतो. किती मिलिमीटर पाऊस किती वेळात पडला आणि भरतीची वेळ काय होती की सबवे बंद करावा लागतो, हा तक्ता दोन पावसाळे नेटाने ठेवला तर आसपासच्या कॉलेजातली मुले वाहतूक पोलिसांनाही उपयोगी पडेल असा इशारा देऊ शकतील.

वस्तीतले तास

इथवर बोललो ते टाकी असलेल्या माणसांविषयी. २०११ च्या जनगणनेत, अंधेरी ज्यांत मोडते त्या के-पूर्व वॉर्डात सुमारे सव्वाआठ लाख आणि के-पश्चिम वॉर्डात सुमारे साडेसात लाख लोक होते, आणि त्यांतला मोठा भाग वस्त्यांत राहतो. तिथे पाच-पाच कुटुंबांमागे एक नळजोडणी असते, पुरवठ्याचे मानकही माणशी ४५ लिटरचे धरले गेले आहे. पाण्याची वेळ पहाटे चारची असेल तर पिंपे आणि हंडे भरायला उठते ती बहुधा घरातली मुलगी. तिला 'पाणी जपून वापर' असे शिकवायला जाणे अन्यायाचे आहे. तिच्याइतके जपून या शहरात कोणी वापरत नाही. तिचे चोरले जातात ते झोपेचे आणि अभ्यासाचे तास.

तिच्यासाठी सहभागाचे साधन म्हणजे एक वही. पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले, किती हंडे भरले, पहिली किती मिनिटे गढूळ होते. पाणी ठरावीक वेळच येते तेव्हा उरलेल्या वेळी नळातला दाब शून्यावर जातो आणि फुटलेल्या जोडातून आजूबाजूचे सांडपाणी आत ओढले जाते. पहिले पाणी गढूळ येते ते त्यामुळे. क्लोरीन तपासायचा साधा संच आणि जंतू असल्यास काळे पडणारी एच-टू-एस बाटली शाळेच्या प्रयोगशाळेतून मिळू शकते. नळापाशी उरलेला क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ती नोंद तारखेसह वॉर्ड ऑफिसात जायला हवी. वीस घरांच्या वीस वह्या एकत्र ठेवल्या की कोणत्या गल्लीत जोड फुटला आहे, हे नकाशावर दिसू लागते.

ही मागणी दयेची नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निर्णय देताना, घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही, जगण्याच्या हक्कात पाणी येते, असे स्पष्ट केले. महापालिकेचे 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण २०२२ मध्ये आले. वस्तीतल्या मुलांनी हा निर्णय वाचलेला असावा, असे मला फार वाटते.

आणि आणखी काही वस्त्यांबद्दल अंधेरीच्या सगळ्याच मुलांनी जाणून घ्यायला हवे. मुंबईची काही मोठी धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर एकदा तरी मे महिन्यात तिथे व्हावे. आपल्या नळाचे दुसरे टोक कुठे आहे ते पाहिल्यावर माणशी १३५ लिटर या आकड्याकडे पाहायची नजर बदलते.

दार कोण उघडणार

आकडे खुले केले की काय होते, याचा दाखला २०१८ च्या केपटाउनचा आहे. नळ पूर्ण बंद होण्याचा दिवस जवळ आला तेव्हा तिथे माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली गेली आणि शहराचा वापर, धरणांची पातळी, मोहल्ल्यांतल्या घरांचा वापर हे सगळे लोकांसमोर मांडले गेले. दुष्काळापूर्वीच्या तुलनेत शहराचा वापर निम्म्यावर आला. दंड आणि दरवाढ होतीच, पण प्रत्येकाला आपला आकडा दिसत होता. आपल्याकडे माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. आपल्या वॉर्डाला रोज किती पाणी सोडले जाते, गळतीच्या किती तक्रारी आल्या आणि त्या किती दिवसांत मिटल्या, हे एकोणीस वर्षांचा विद्यार्थी दहा रुपयांच्या अर्जाने विचारू शकतो.

सगळ्यात घट्ट बंद दार मात्र घराजवळचे आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व सदनिकेच्या मालकीवर ठरते. अठराव्या वर्षी मुलगी आमदार निवडू शकते, पण सोसायटीच्या सभेत तिला बोलता येत नाही आणि पाण्याचे बिल मागायचा अधिकार नसतो. भाड्याने राहणाऱ्या तरुणांचेही तेच. मोहल्ल्यांसाठी महापालिकेने १९९७ पासून उभ्या केलेल्या एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) समित्यांचे काम निवृत्त मंडळींनी निष्ठेने सांभाळले, पण तरुणांना तिथे खुर्ची ठेवलेली दिसत नाही. मुले उदासीन आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांना बोलवले कधी होते, याचेही उत्तर द्यायला हवे.

यावर उपाय कायदा बदलण्याची वाट न पाहता करता येतो. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. १ ऑक्टोबरला महापालिका सात तलावांतला साठा पाहून वर्षभराचा हिशेब लावते. या दोन तारखा लागून आहेत. सभासदांनो, यंदाच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक ठराव घाला: इमारतीतल्या अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींची, भाडेकरूंच्या मुलांसह, जल उपसमिती नेमावी; मीटरचे वाचन, पाण्याचे बिल आणि दोन्ही टाक्यांच्या चाव्या त्यांना मिळाव्यात; आणि दर तीन महिन्यांनी त्यांनी मांडलेल्या हिशेबावर व्यवस्थापक समितीने लेखी उत्तर द्यावे.